सूर्याभोवतीचा आंतरतारकीय वायू: वेग मोजता येतो, अंतर येत नाही

प्रश्न असा आहे: ‘सूर्य स्थानिक बुडबुड्यात आहे असं एकीकडे वाचतो, दुसरीकडे तो स्थानिक ढगातून चाललाय असं वाचतो. मग नेमका कुठे आहे? आंतरतारकीय वारा सूर्य ज्या दिशेला जातोय तिथूनच यायला हवा ना? आणि हा वायू दिसतच नाही, तर त्याचा वेग आणि तापमान कसं काढतात? भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी हे स्वतः मोजू शकेल का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. बाकीच्यांची उत्तरं देण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण या विषयातले बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. या वायूचा दृष्टिरेषेवरचा (आपल्यापासून एखाद्या ताऱ्यापर्यंतच्या सरळ रेषेवरचा) वेग आपल्याला अर्धा-एक किलोमीटर प्रतिसेकंद इतक्या बारकाईने कळतो, पण तो वायू त्या रेषेवर नेमका किती लांब आहे हे थेट कळत नाही. कळतं ते इतकंच, की तो ताऱ्याच्या अलीकडे आहे. सूर्याजवळच्या ढगांचे सगळे नकाशे या एकाच मर्यादेशी झगडून तयार झालेले आहेत.

आधी ठिकाण. बुडबुडा आणि ढग या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मापं वेगळी. स्थानिक बुडबुडा ही सूर्याभोवतीची विरळ वायूची वेडीवाकडी पोकळी. तिची भिंत कुठे ८० पार्सेकवर लागते, कुठे २०० च्याही पुढे (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). आत सुमारे १० लाख केल्विन तापमानाचा वायू, घनसेंटिमीटरला जेमतेम काही सहस्रांश कण. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात गाया उपग्रहाची ताऱ्यांची मोजमापं आणि धुळीचे त्रिमितीय नकाशे एकत्र करून असं दाखवलं गेलं, की ही पोकळी सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी फुगू लागली, त्यामागे अंदाजे १५ अतिनवताऱ्यांचे स्फोट असावेत आणि भिंत आजही सेकंदाला ६-७ किलोमीटरने बाहेर सरकते आहे. सूर्य त्या वेळी या पोकळीत नव्हता. तो आत शिरला सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे आज आपण मध्यभागाजवळ आहोत हा निव्वळ योगायोग. समुद्रतळाच्या कवचात २०-३० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत सापडलेलं लोह-६० हे किरणोत्सारी समस्थानिकही जवळपासच्या स्फोटांचीच साक्ष देतं.

या पोकळीत काही पार्सेक आकाराचे कोमट, विरळ ढग तरंगतात. त्यांतल्या एकाच्या काठाशी सध्या सूर्य आहे. तोच स्थानिक आंतरतारकीय ढग. तापमान ७,००० ते ८,००० केल्विन, घनसेंटिमीटरला उदासीन हायड्रोजनचे सुमारे ०.२ अणू, आयनीभूत हायड्रोजन सुमारे ०.०७, उदासीन हेलियम सुमारे ०.०१५. ‘ढग’ या शब्दाने फसू नका. अल्फा सेंटॉरीपर्यंतच्या ४.३ प्रकाशवर्षांच्या पूर्ण रेषेवर, १ चौरस सेंटिमीटर छेदाच्या स्तंभात, हायड्रोजनचे सुमारे ४ × १०^१७ अणू भरतात. समुद्रसपाटीच्या हवेत तेवढे रेणू एका मिलिमीटरच्या सहाव्या भागात मावतात. तरीही तेवढ्याने त्या ताऱ्याची लायमन-अल्फा ही हायड्रोजनची अतिनील रेषा मधोमध पूर्ण काळी होते.

आता वारा, म्हणजे सूर्यावरून वाहत जाणारा हा ढगातला वायू. सूर्य आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरीच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १८ किमी वेगाने शौरी तारकासमूहाच्या दिशेने जातो हे बरोबर. पण वारा तिथून येत नाही. तो येतो क्रांतिवृत्तीय रेखांश सुमारे २५५ अंश, अक्षांश उत्तर ५ अंश इथून. ही जागा भुजंगधारीत, ज्येष्ठा ताऱ्यापासून साधारण ११ अंशांवर. वारा जातो नेमका समोरच्या बिंदूकडे, रोहिणीच्या सुमारे ५ अंश पूर्वेला. शौरीची दिशा आणि ही दिशा यांत ४० ते ५० अंशांचं अंतर आहे.

कारण ढग स्वतःही स्थिर नाही. त्याच सरासरी चौकटीत तो वृश्चिक-नरतुरंग भागातल्या तरुण ताऱ्यांच्या समूहाकडून बाहेर, सेकंदाला सुमारे १८ किमीने ढकलला जातोय. गणित करून पाहा: सूर्याचा वेग आणि ढगाचा वेग हे दोन सदिश एकमेकांना जवळपास काटकोनात आहेत. १८ आणि १८ काटकोनात, म्हणजे कर्ण साडेपंचवीस. अवकाशयानांनी मोजलेला वाऱ्याचा वेग २५ ते २६ किमी प्रतिसेकंद. म्हणजे या वाऱ्यात अर्धा वाटा आपल्या चालण्याचा आणि अर्धा ढगाच्या वाहण्याचा. त्याची दिशा ही सूर्याची दिशाही नव्हे आणि ढगाचीही नव्हे, ती दोन्हींची वजाबाकी आहे. या वेगाने वारा वर्षाला सुमारे ५.४ खगोलीय एककं कापतो (१ एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर).

मोजायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण खरा विषय इथेच आहे. जवळचा तारा हा दिवा समजा. त्याचा प्रकाश येताना वाटेतल्या वायूतले मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आपापल्या तरंगलांबीवर थोडा प्रकाश शोषतात. रेषा जितकी सरकली तितका वायूचा त्या दिशेतला वेग. आयनीभूत मॅग्नेशियमची २७९६.३५ अँगस्ट्रॉमची (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), आयनीभूत लोहाची २६००.१७ची आणि ड्युटेरियमची १२१५.३४ची या अतिनील रेषा सर्वांत कामाच्या, आणि त्या अवकाशातूनच दिसतात. जमिनीवरून कॅल्शियमची ३९३३.६६ आणि सोडियमच्या ५८८९.९५ व ५८९५.९२ या रेषा मिळतात. पण ८० पार्सेकच्या आत सोडियम फारच क्षीण असतो, बऱ्याचदा काही मिलिअँगस्ट्रॉम. अशा कमजोर रेषेसाठी स्तंभघनता (दृष्टिरेषेवरच्या १ चौरस सेंटिमीटर छेदाच्या स्तंभातले अणू) म्हणजे १.१३ × १०^२० गुणिले रेषेची समतुल्य रुंदी (रेषेने एकूण किती प्रकाश गिळला याचं माप), भागिले दोलनबल (ती रेषा किती जोराने शोषते तो आकडा) गुणिले तरंगलांबीचा वर्ग (दोन्ही लांब्या अँगस्ट्रॉममध्ये). सोडियमच्या ५८८९.९५ या रेषेचं दोलनबल ०.६४, ५ मिलिअँगस्ट्रॉमला उत्तर येतं चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ × १०^१० अणू. रेषा तीव्र असेल तर हे सूत्र वापरू नका. संपृक्त रेषा खरी घनता लपवते.

एका ताऱ्यावरून वेगाचा एकच घटक मिळतो: पूर्ण वेग गुणिले वाऱ्याची दिशा आणि ताऱ्याची दिशा यांतल्या कोनाची कोज्या. वेगवेगळ्या दिशांचे पुरेसे तारे घेतले की पूर्ण सदिश सुटतो. अशा १५७ दृष्टिरेषा एकत्र करून २००८ साली १५ पार्सेकच्या आतले १५ ढग वेगळे केले गेले. त्यातल्या स्थानिक ढगाचा सदिश: २३.८४ किमी प्रतिसेकंद, दीर्घिकीय रेखांश १८७.०, अक्षांश उणे १३.५ या दिशेकडे. शेजारच्या ‘जी’ ढगाचा: २९.६ किमी, १८४.५ आणि उणे २०.६ कडे.

हे आकडे घेऊन अल्फा सेंटॉरीवर ताडून पाहा. त्याचे दीर्घिकीय निर्देशांक ३१५.७ आणि उणे ०.७. स्थानिक ढग असेल तर वेग यायला हवा उणे १४.४ (उणे म्हणजे आपल्याकडे येणारा), जी ढग असेल तर उणे १८.१. निरीक्षणात मिळतो उणे १८च्या आसपास. म्हणजे सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे पाहताना आपल्या स्वतःच्या ढगाची वेगळी खूणच सापडत नाही. यातूनच सूर्य ढगाच्या अगदी काठाला आहे हा निष्कर्ष निघाला. त्या बाजूला ढगाची जाडी इतकी कमी, की सूर्य पुढच्या सुमारे दोन हजार वर्षांत त्यातून बाहेर पडेल असा अंदाज आहे.

व्याधाकडे वेगळं चित्र दिसतं. निर्देशांक २२७.२ आणि उणे ८.९; स्थानिक ढगाचा अपेक्षित वेग अधिक १८.३. मॅग्नेशियमच्या रेषेत हे विस्थापन ०.१७ अँगस्ट्रॉम. निरीक्षणात त्या जागी एक रेषा आहेच, शिवाय तिच्यापेक्षा ५-६ किमीने कमी वेगाची दुसरीही आहे. २.६ पार्सेकच्या आत दोन ढग. श्रवण ताऱ्याकडे ५.१ पार्सेकमध्ये कॅल्शियमच्या रेषेत तीन घटक दिसतात. सूर्याचा शेजार एकसंध नाही हे सांगायला एवढं पुरे.

तापमान रेषेच्या रुंदीतून निघतं. रुंदीच्या मापाचा वर्ग = ०.०१६६ × तापमान ÷ अणुभार + खळबळीच्या वेगाचा वर्ग (वेग किमी प्रतिसेकंदात, तापमान केल्विनमध्ये). उष्णतेमुळे हलके अणू जास्त धावतात, जड कमी. खळबळ मात्र सगळ्यांना सारखीच हलवते. म्हणून एक हलका आणि एक जड अणू घेतला की दोन समीकरणांत दोन अज्ञातं. ड्युटेरियमची रुंदी ८.०६ आणि लोहाची २.२० मिळाली, तर वर्ग ६५.० आणि ४.८, वजाबाकी ६०.२, भागिले ०.०१६६ × (१/२ − १/५६), म्हणजे सुमारे ७,५०० केल्विन. उरलेली खळबळ १.६ किमी. स्थानिक ढगाचे प्रसिद्ध आकडे हेच आहेत. नुसत्या मॅग्नेशियम आणि लोहावरून तापमान काढायला जाऊ नका. दोघांचे अणुभार २४ आणि ५६. या तापमानाला रुंदी २.८ आणि २.२. मोजमापातली ०.२ किमीची चूकसुद्धा उत्तर दोन-तीन हजार केल्विनने हलवते.

आता कुठे चुकतं ते.

सगळ्यात मोठी चूक वेगाच्या चौकटीची. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने फिरते, म्हणजे ही दुरुस्ती राहिली तर चूक वाऱ्यापेक्षा मोठी. आधीच दुरुस्त केलेल्या वर्णपटाला पुन्हा दुरुस्ती लावणं हेही तितकंच सर्रास घडतं. फाइलच्या शीर्षनोंदी वाचल्याशिवाय हात लावू नका. दुसरी चूक हवेतली तरंगलांबी आणि निर्वातातली तरंगलांबी यांची सरमिसळ. कॅल्शियमच्या रेषेची हवेतली किंमत ३९३३.६६, निर्वातातली ३९३४.७७. फरक १.११ अँगस्ट्रॉम, वेगात ८५ किमी. एखादा ढग भलत्याच वेगाने पळताना सापडला की आधी हे तपासा.

तिसरी गोष्ट विभेदनाची. लोहाची रेषा अर्ध्या उंचीवर सुमारे ३.७ किमी रुंद असते. हबल दुर्बिणीवरच्या ‘स्टिस’ या वर्णपटमापकाची सर्वोच्च विभेदनक्षमता १,१४,०००, म्हणजे २.६ किमी. तेव्हा उपकरणाचा रेषाप्रसार (ते रेषा जितकी रुंदावतं तो भाग) प्रतिकृतीत मिसळूनच जुळणी करायची; नाहीतर रुंदी वाढीव येते आणि तापमान व खळबळ दोन्ही फुगतात. विभेदन ३०,००० असेल तर दोन घटक एक होऊन दिसतात आणि त्यांच्या मधल्या वेगाचा, अस्तित्वातच नसलेला ढग मिळतो. घटक मोजायला लोहाची रेषा घ्या, ती सर्वांत अरुंद. घटक एकाने वाढवला की जुळणी नेहमीच सुधारते, म्हणून वाढीव घटक सांख्यिकी कसोटीवर टिकतो का हे पाहा, आणि तोच वेग दुसऱ्या मूलद्रव्यात दिसतो का तेही.

ताऱ्याची निवडही महत्त्वाची. जमिनीवरून वेगाने फिरणारे ‘ए’ वर्गाचे तारे घ्यावेत. त्यांच्या स्वतःच्या रेषा रुंद आणि उथळ होतात, त्यावर आंतरतारकीय अरुंद खाच उठून दिसते. अतिनीलमध्ये थंड ताऱ्यांच्या मॅग्नेशियमच्या उत्सर्जनरेषा हीच पार्श्वभूमी. पण त्या उत्सर्जनाच्या मधोमध ताऱ्याची स्वतःची खाचही असते. ताऱ्याचा वेग आणि ढगाचा वेग जवळ असतील तर ती दृष्टिरेषा सोडून द्या. बीटा पिक्टोरिससारख्या ताऱ्याभोवती स्वतःचा वायू असतो, तो आंतरतारकीय समजला जातो. सोडियमच्या भागात पृथ्वीच्या बाष्पाच्या बारीक रेषा शेकड्याने असतात. त्याच रात्री, जवळपास तेवढ्याच उंचीवरचा वेगाने फिरणारा तेजस्वी तारा घेऊन त्यांचा साचा काढावा लागतो. शहराजवळ पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड पार्श्वभूमीत चढतो, तो वजा करताना खरी रेषाही कापली जाण्याचा धोका असतो.

हायड्रोजनची रेषा थेट वापरायचा मोह टाळा. तिच्यावर दोन ओझी आहेत. ती पूर्ण संपृक्त आहे, आणि सूर्यावरणाच्या (सौर वाताने सूर्याभोवती फुगवलेल्या आवरणाच्या) तोंडाशी साचलेल्या तापलेल्या हायड्रोजनची ‘भिंत’ही तिच्यात भर घालते. अल्फा सेंटॉरीच्या वर्णपटात हे पहिल्यांदा लक्षात आलं: हायड्रोजनची रेषा ड्युटेरियमने सांगितलेल्या जागेपेक्षा तांबड्या बाजूला जास्त पसरलेली होती. सुरक्षित वाट अशी: ड्युटेरियमची स्तंभघनता काढा आणि स्थानिक बुडबुड्यातलं ड्युटेरियमचं प्रमाण, हायड्रोजनच्या सुमारे १.५ लाखांश, वापरून हायड्रोजन काढा.

दुसरी पूर्णपणे स्वतंत्र पद्धत म्हणजे वारा हातात धरणं. सूर्यावरण आयनांना वळवून लावतं, उदासीन अणू मात्र आत येतात. हायड्रोजनमधला बराचसा भाग सीमेवर विद्युतभाराची देवाणघेवाण करून अडतो, मंदावतो आणि तापतो. हेलियम जवळजवळ जसाच्या तसा येतो. म्हणून ढगाचा मूळ वेग विचारायचा तर हेलियमला विचारावा. सूर्याचं गुरुत्व हा प्रवाह मागच्या बाजूला शंकूसारखा एकवटतं आणि दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला, सूर्य ज्येष्ठा नक्षत्रात असताना, पृथ्वी या शंकूतून जाते. युलिसिस यानाने हेलियमचा वेग २६.३ किमी दिला. २००८ साली सोडलेल्या आयबेक्स उपग्रहाच्या मोजमापांवरून २०१२ मध्ये तो २३.२ सांगितला गेला, आणि वाऱ्याची दिशा बदलते आहे का यावर बरीच चर्चा झाली. पुढच्या विश्लेषणांत वेग पुन्हा साडेपंचवीसच्या आसपास आला आणि तापमान ७,५०० केल्विन किंवा किंचित वर गेलं. मुळात आयबेक्सच्या मापनात वेग, दिशा आणि तापमान एका चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांशी बांधलेले असतात. एकाचं मूल्य सरकवलं की बाकीची सरकतात. २०२५च्या सप्टेंबरात गेलेल्या आयमॅप यानावरच्या उपकरणाची दिशा बदलता येते, ते ही गाठ सोडवण्यासाठीच.

आता मेळ घालून पाहा. शोषणरेषांवरून स्थानिक ढग २३.८ किमी, जी ढग २९.६, आणि सूर्यापाशी पकडलेला हेलियम या दोघांच्या मधला. एक स्पष्टीकरण असं, की दोन्ही ढग सूर्यापाशी एकमेकांत घुसले आहेत आणि आपण त्या मिश्र भागात आहोत. २०१४ साली मांडलेलं दुसरं स्पष्टीकरण: वेगवेगळे ढग नाहीतच, एकच ढग आहे आणि तो आतून ताणला-दाबला जातोय, म्हणून दिशेनुसार वेग बदलतो. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण जी ढगाचं तापमान, सुमारे ५,५०० केल्विन, स्थानिक ढगापेक्षा वेगळं निघतं. पण दुसऱ्या मताला डावलण्याइतका पुरावा नाही. अंतर कळत नाही, ही सुरुवातीची अडचण इथे पुन्हा आडवी येते.

व्हॉयेजर यानांनी वायू जागेवर जाऊन मोजला. पहिलं यान २५ ऑगस्ट २०१२ला १२१.६ खगोलीय एककांवर सूर्यावरणाच्या सीमेबाहेर पडलं, दुसरं ५ नोव्हेंबर २०१८ला ११९ वर. प्लाझ्माच्या दोलनांवरून इलेक्ट्रॉनांची घनता आधी ०.०८ आणि पुढे ०.१ च्या वर गेलेली दिसली. हे आकडे शुद्ध ढगाचे मानू नका. सीमेपुढे वायू आणि चुंबकक्षेत्र दोन्ही दाबले गेलेले असतात. क्षेत्राचं यानांनी मोजलेलं मूल्य ४-५ मायक्रोगॉस किंवा अधिक, तर दूरच्या अबाधित भागासाठी आयबेक्सला आकाशात दिसलेल्या उदासीन अणूंच्या पट्ट्यावरून काढलेलं सुमारे ३. हा फरक दाबाच्या हिशेबात महत्त्वाचा. ढगातल्या सगळ्या कणांची बेरीज सुमारे ०.३५ गुणिले ७,५०० म्हणजे सुमारे २,६०० (केल्विन प्रति घनसेंटिमीटर या एककात). ३ मायक्रोगॉसच्या क्षेत्राचा दाब त्याच एककात सुमारे २,६००. बाहेरच्या उष्ण वायूचा दाब सुमारे १०,००० निघतो. पूर्वी तो आणखी मोठा वाटायचा, कारण मृदू क्ष-किरणांचं सगळं श्रेय बुडबुड्याला जात होतं. सौर वात उदासीन अणूंवर आदळतानाही तसेच क्ष-किरण निघतात याचा धागा १९९६ साली हयाकुताके धूमकेतूच्या क्ष-किरणांतून मिळाला आणि पुढे आकडे खाली आले.

रेडिओ दुर्बिणीने हे होईल का, असंही मनात येईल, विशेषतः नारायणगावजवळ खोडदची ‘जीएमआरटी’ हाताशी असताना. २१ सेंटिमीटरची रेषा तिच्या टप्प्यात आहे आणि दूरच्या तेजस्वी स्रोतांसमोरचं हायड्रोजनचं शोषण तिने उत्तम मोजलं आहे. पण तो स्रोत दीर्घिकेबाहेरचा असल्याने वाटेतला सगळाच वायू त्यात येतो. जवळचा कोणता हे ठरत नाही. शिवाय आकाशात कित्येक अंश पसरलेलं उत्सर्जन अनेक अँटेना जोडून केलेल्या अशा दुर्बिणींच्या नजरेतून निसटतं. सिंह राशीतला थंड ढग हे याचं चांगलं उदाहरण: २१ सेंटिमीटरमध्ये तो १९६९ पासून माहीत, तापमान फक्त २० केल्विनच्या आसपास. तो उष्ण बुडबुड्याच्या आत, साधारण ११ ते २४ पार्सेकच्या दरम्यान आहे हे ठरलं ते मात्र ताऱ्यांच्या सोडियम आणि कॅल्शियमच्या रेषांवरून. ज्या जवळच्या ताऱ्यात रेषा नाही आणि थोड्या लांबच्यात आहे, त्यांच्यामध्ये ढग. अंतर बांधायची खात्रीची पद्धत आजही हीच.

स्वतः करून पाहायचं असेल तर हबलचे जुने वर्णपट ‘मास्ट’ या ऑनलाइन संग्रहात सर्वांसाठी खुले आहेत. स्टिस १९९७ पासूनचं, २००४ ते २००९ बंद होतं, तेव्हा त्या काळातले वर्णपट शोधत बसू नका. आधी अल्फा सेंटॉरीची मॅग्नेशियम आणि लोहाची रेषा घ्या, एका घटकाने जुळवा आणि उणे १८ मिळतंय का पाहा. मग व्याध, दोन घटकांनी. या दोन्ही ठिकाणी वेग १ किमीच्या आत जुळला की तुमची चौकट, तरंगलांबी आणि रेषाप्रसार बरोबर बसलेत असं समजा, आणि मगच नव्या ताऱ्याला हात घाला.